कुंदाच्या वासाचं ऑर्किड

दिगंबर पेंढारकरांनी फुलाला नाक लावलं, पण आज कुंदाचा, त्यांच्या गेलेल्या बायकोचा, वास येईना. गेलेल्या माणसाच्या कपड्यावरून प्रयोगशाळा त्याच्या अंगच्या वासाचं ऑर्किड घडवून देई, आणि महिनाभर त्यांच्या बाल्कनीत बायको दरवळली होती. भेटायला आलेल्या मुलीने सालीच्या तुकड्यावर बांधलेलं मूळ दाबून पाहिलं. ते चिखलासारखं फुटलं.

"सडलं! बाबा, आठवड्यातून दोनदाच पाणी शिंपडायचं होतं ना?"

"मी तासातासाला घालत होतो."

"का पण?"

"हयातभर तिला पाण्याचा एक पेला हातात दिला नाही गं. म्हटलं, आता तरी..."

मुलीने कपाळाला हात लावला आणि प्रयोगशाळेला फोन केला. "दुसरं रोप देतात म्हणे. आईचा एखादा न धुतलेला कपडा काढा."

पेंढारकर कपाट उघडून उभे राहिले. एक साडी प्रयोगशाळेने तेव्हाच नेली होती. उरलेल्या चौतीस इस्त्री करून रचलेल्या होत्या. दिवसकार्य आटोपल्यावर त्यांनी त्या जन्मात पहिल्यांदाच स्वतःच्या हातांनी धुतल्या होत्या, आणि नीट निघाल्या की नाही अशी कुंदाला शंका नको म्हणून प्रत्येक साडी दोनदा.