अर्धा सूर

दुसरी तार तुटली ती जाता जाता त्याच्या मनगटावर ओरखडा काढून गेली. त्याने शिवी गिळली, खुंटीवरची किल्ली काढली आणि पियानोच्या उघड्या पोटात डोकावून पाहिलं. हल्ली एका तारेच्या दोन दिसायच्या, त्यातली खरी कोणती ते कळायला जरा थांबावं लागायचं. फिटच्या गोळ्या सुरू झाल्यापासूनचं हे सगळं. अंग जड, डोळ्यांवर झापड, आणि पाय तर कुणाचे तरी उसने आणल्यासारखे.

"तारा पार जुन्या झाल्यात," तो गाण्याच्या बाईंना म्हणाला. "आणि पियानो इतका उतरू कसा दिलात? चांगला अर्धा सूर खाली गेलाय. मागच्या खेपेला मीच लावून गेलो होतो."

बाई काळजीत होत्या. दुपारी मुलं तालमीला येणार होती. त्याने लावून झालेल्या मधल्या पट्ट्यांवर त्यांनी हात ठेवला आणि एक ओळ गाऊन पाहिली. वरच्या सुराला गळा अडकला.

"चढा नाही ना लागला? रोजचंच गाणं आहे, पण माझा गळा पोचेना."

"गळा उतरलाय तुमचा, बाई. मीठ घालून गरम पाण्याच्या गुळण्या करा."

बाईंनी वाद घातला नाही. कानसेनाशी कोण वाद घालणार? कानसेन हे त्याचं नाव शहरातल्या वाजवणाऱ्यांनीच पाडलं होतं. बाकीचे लोक नादकाटा वाजवून पहिला सूर धरतात, हा तो कानातच घेऊन जन्माला आला होता. काटा पिशवीत असायचा, पण धडधाकट माणसाच्या घरात कुबडी असावी तसा. बाई चहाचं बघायला गेल्या.

मागच्या बाकावर त्याची बायको पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तो जिन्यात पडला तेव्हापासून ती त्याला एकटं कुठे सोडत नसे. ती उठली, पिशवीतून काटा काढला, तळहातावर मारला आणि त्याचा दांडा पियानोच्या लाकडाला टेकवला. दुसऱ्या हाताने तिने त्याच सुराची पट्टी दाबली. त्याला रोज बघून बघून ती पट्टी तिला पाठ झाली होती. गाण्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण हे कुणालाही कळलं असतं.

"अहो, हे दोन वेगवेगळे वाजतायत."

"काटा उतरलाय."

"लोखंड कसं उतरेल?"

त्याने काटा तिच्या हातून घेतला, गुडघ्यावर मारला, कानाला लावला. सूर खालीच आला. पुन्हा मारला, पुन्हा खालीच. मग तो स्टुलावर बसला. दाराची बेल बसकी वाजते म्हणून त्याने तिचे सेल बदलले होते. शेजारच्या घड्याळाचे ठोके बिघडलेत असं शेजाऱ्याला जाऊन सांगितलं होतं, आणि तो बिचारा ते दुरुस्तीला टाकून आला होता. बेल ठीक होती, घड्याळ ठीक होतं. हा पियानोही ठीकच होता, आणि आपणच तो नको तितका ताणून त्याच्या तारा तोडल्या होत्या.

"गोळीने माझा कान नेला," तो म्हणाला. "सगळंच मला अर्धा सूर खाली ऐकू येतंय."

डॉक्टरांनी झोप येईल म्हणून सांगितलं होतं, तोल जाईल, एकाचे दोन दिसतील म्हणूनही सांगितलं होतं. कानाचं कुणी बोललं नव्हतं. त्याला रडू येईल असं वाटलं आणि त्याची लाज वाटली.

"मला दुसरं काय येतं गं? उद्यापासून गोळी बंद."

"करा बंद," ती म्हणाली. "आणि परत फिट आली की? त्या दिवशी खालच्या मजल्यावरचे घरी होते म्हणून निभावलं. दर वेळी असतील?"

पडल्याचं त्याला काही म्हणता काही आठवत नव्हतं. डोळे फिरवलेले, तोंडातून रक्त, जिन्याच्या पायरीवर आपटत राहिलेलं डोकं, ते सगळं पाहायचं तिच्या एकटीच्या वाट्याला आलं होतं. पिशवीतला रुमाल काढून ती त्याच्या मनगटाला बांधू लागली. बांधताना काही तरी पुटपुटत होती, स्वतःशीच, हलक्या आवाजात. ते ऐकता ऐकता त्याचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे तुझा आवाजसुद्धा गोळीमुळेच!" तो म्हणाला. "मी इतके दिवस मनाला लावून घेत होतो. म्हटलं, माझं करून करून हिचा आवाज बसला."

तिने गाठ मारली. सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा मारली.

"थोडा गोळीने बसला असेल," ती म्हणाली. "बाकीचा मात्र खरंच बसलाय हो. दमलेय मी."

बाहेर कपबश्या वाजत होत्या. मग त्याने बांधलेला हात पुढे केला.

"गोळ्यांची डबी माझ्याकडे दे. आठवण करून देत बसू नकोस. माझी मी घेईन."

तिने डबी दिली. ती त्याने खिशात ठेवली, काटा गुडघ्यावर मारला आणि कानाशी नेला. सूर खालीच आला. त्याने तोच खरा धरला, किल्ली खुंटीवर बसवली आणि पहिली तार सैल करायला घेतली.