सीटवरची उशी

"बंपरच गेला फक्त," म्हणत निकेश खाली वाकला, आणि पिकअपमधून उतरलेलं सगळं वऱ्हाड त्याच्याबरोबर वाकलं.

आष्टीच्या अलीकडे, जंगलातल्या रस्त्यावर स्वप्निलची कार उभी होती. रानडुकरं आडवी आली म्हणून त्याने ब्रेक दाबला. मागून त्याचा आतेभाऊ निकेश, चुकामूक नको म्हणून, पिकअप अगदी चिकटवून आणत होता. त्यामुळे धडक घरातल्या घरातच झाली आणि भांडायला कुणी उरलं नाही. डुकरं निवांत निघून गेली.

सगळे निघाले होते गडचिरोलीला, स्वप्निलच्या साक्षगंधाला. नव्या कारला लिंबू-मिरची पुढून बांधली होती आणि मार बसला मागून. यावर दोघेतिघे हसलेसुद्धा. एकाने दबलेल्या डिक्कीचा फोटो काढला.

पुढच्या सीटवर स्वप्निलची आई, इंदिराबाई, तशाच बसून होत्या.

"उतर ना वं, पाय मोकळे कर," त्यांचे यजमान इस्तारी पिकअपमधून उतरून खिडकीशी आले.

"राहू द्या. जराशी मान धरली."

सुनेला लावायच्या कुंकवाची डबी धक्क्याने त्यांच्या मांडीवरून खाली पडली होती. स्वप्निलने ती उचलून त्यांच्या हातात दिली. डबी पुन्हा पडली. त्याने पुन्हा दिली, बोटं मिटवून दिली, तरी ती निसटलीच. लुगड्यावर, हातांवर, सगळीकडे कुंकू झालं.

"बोटं झोपली वाटते," इंदिराबाई म्हणाल्या आणि हसायला गेल्या. हसताना मान हलली, तशा त्या गप्पच झाल्या.

स्वप्निलने त्यांच्या डोक्यामागे पाहिलं. तिथे सीटच्या वरच्या कडेला दोन भोकं होती, बाकी काही नव्हतं. त्याच्या स्वतःच्या सीटला उशी होती आणि त्याची मान ठणठणीत होती.

सकाळी निघताना इंदिराबाईंनीच म्हटलं होतं, "हे उशी काढ गा. अंबाडा दबून राह्यला माया. मी का झोपाले चालली?" मुलीने तासभर बसून घातलेला अंबाडा, त्यावर अबोलीचा गजरा. स्वप्निलने खटका दाबला, उशी उपसली आणि डिक्कीत टाकली. एवढंच. कार विकणाऱ्याने त्याला गाणी कशी लावायची ते तीनदा समजावलं होतं, या उशीबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

आपण तिला उशी म्हणतो, तिथेच सगळं चुकतं. उशी म्हटली की झोप आली, नाहीतर दुखणं. मागून धक्का बसला की अंग सीटबरोबर पुढे जातं आणि डोकं मागे राहतं. त्या वेळी डोक्याला अडवायला तेवढीच एक वस्तू असते. ती डिक्कीत होती, फळांच्या टोपलीखाली.

निकेशने दार उघडलं. "आखडली असंन मामी. एक झटका देतो, मोकळी होते." त्याने दोन्ही हात इंदिराबाईंच्या कानांवर ठेवलेसुद्धा.

"हात काढ."

"अबे, न्हावी नाई का देत..."

"निकेश, हात काढ म्हणलं ना."

स्वप्निलचा आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. निकेश मागे सरला. वऱ्हाडातलं हसू थांबलं.

१०८ ला फोन लावला, पण रेंज नव्हती. डिक्की दबून बसली होती. निकेशने जॅकचा दांडा घालून ती उचकटली आणि टोपली सारून उशी काढून आणली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. स्वप्निलने दांड्या भोकांत सरकवल्या. खट्ट झालं. पण डोकं काही टेकेना. अंबाडा मधे येत होता आणि मान पुढेच ढकलली जात होती.

"अंबाडा सोडा लागते, माय."

इस्तारींनी आजूबाजूला पाहिलं. "अशी मोकळ्या केसानं सुनेच्या दारात जाईन का ते? लोकं काय म्हणतीन?"

"तिकडे नाई जाऊन राह्यलो, बाबा. दवाखान्यात चाललो. तुमी पिकअपमधून पुढं व्हा, पोरीवाल्याइले सांगा."

"अन मुहूर्त?"

 स्वप्निलला भयंकर भीती वाटत होती आणि ती त्याच्या तोंडावर दिसत होती. इस्तारींनी ती पाहिली. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्याची गुंडाळी केली आणि बायकोच्या मानेच्या एका बाजूला हलकेच लावली.

इंदिराबाईंनी डोळे मिटले. "सोड," त्या म्हणाल्या.

स्वप्निल एकेक पिन काढून खिशात टाकत गेला. आईचे केस त्याने असे कधी हातात घेतले नव्हते. ते त्याला वाटले होते त्यापेक्षा खूप विरळ होते. आत गंगावन होतं. गजऱ्यासकट ते त्याने त्यांच्या मांडीवर ठेवलं, तेव्हा कुठे डोकं उशीला टेकलं.

मग त्याने आपला हात त्यांच्या हातात दिला.

"दाब माय. जोरानं दाब."

इंदिराबाई समोर पाहत होत्या. कपाळावर आठ्या पडल्या, ओठ घट्ट मिटले.

"दाब ना."

"दाबूनच तं राह्यली ना गा," त्या म्हणाल्या.

त्याच्या तळहाताला फक्त कुंकू लागलं होतं.