चांदबिबीच्या महालावरून
पुण्याहून नगर बघायला आलेल्या वकील नवराबायकोला टांगेवाल्या भीमानं स्टेशनवरून थेट डोंगरावरच्या चांदबिबीच्या महालात आणलं. वरच्या मजल्यावरून साहेबांनी दुर्बीण लावली. लांबच्या माळावर गोऱ्या पलटणीच्या तोफांचा सराव चालला होता. “अगं, त्या ओसाड गावाच्या भिंती बघ कशा उडतायत!” बाईंनी हौसेनं टाळी वाजवली. भीमा म्हणाला, “ओसाड न्हाई, सायेब. माजं गाव हाय ते. लढाईपायी सरकारनं आमाला एका दिसात उठवलं.” बाई कठड्यापासून मागं सरल्या. साहेबांची दुर्बीण मात्र हलली नाही. “असं? मग देऊळ कुठलं, दाखव. ते पडताना बघायचंय.” भीमाचं डोकं भणभणलं. तो तरातरा पायऱ्या उतरला, त्यांची ट्रंक रस्त्यावर फेकून टांग्यात चढला. वरून साहेब ओरडले, “अरे, आम्ही परत कसं जायचं?” “आमी गेल्तो तसं! सामान डोईवर घ्या अन् चालू लागा.”