बावीस नंबरची तक्रार

नोगेरासाहेब बावीस नंबरच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागले होते. आज ते ब्रागा शहरातल्या त्याच बस कंपनीचे सर्वेसर्वा होते आणि शुक्रवारी संचालक त्यांच्या मुदतवाढीचा निर्णय घेणार होते. नेमकी त्याच आठवड्यात त्यांची सेक्रेटरी इदालिना तक्रारवही घेऊन केबिनमध्ये घुसली.

"साहेब, यंदाच्या एकसष्ट तक्रारींपैकी चाळीस एकट्या एटेलव्हिनाबाईंच्या! कायद्यानं पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं, म्हणून मी पत्रं टाइप करते नि तुम्ही न वाचता सह्या ठोकता. आता हे ऐका: 'बावीस नंबरचा पूर्वीचा ड्रायव्हर माझ्या दारासमोर हॉर्न वाजवायचा. हल्लीचे वाजवत नाहीत.' अख्खं गाव हॉर्न वाजतो म्हणून बोंबलतंय, आणि या बाईंचं भलतंच!"

साहेबांनी वही ओढून घेतली. खालचं नाव, पत्ता वाचता वाचता त्यांचे कान लाल झाले.

"गाडी काढायला सांग," ते म्हणाले.

"मीपण येते. चांगली खरडपट्टी काढते बाईंची."

वाटेत साहेबांनी बदामाचा केक घेतला. बाईंच्या दारासमोर पोचताच स्वतः पुढे वाकून दोनदा हॉर्न वाजवला. एक ठेंगणी म्हातारी एप्रनला हात पुसत बाहेर आली आणि तिनं साहेबांचा कान धरला.



"फोन केला की तू मीटिंगमध्ये, पोरा! वहीत लिहिलं, की पंधरा दिवसांत आईला तुझ्या सहीचं पत्र तरी येतं."