पाठमोरा

सामन्याला पाच मिनिटं उरली असताना प्रशिक्षक बाई एक निळी चादर घेऊन आल्या आणि ढाली-करंडकांच्या काचेच्या कपाटावर त्यांनी ती टाकली. कपाटाचं सैल दार कुरकुरलं. टेलरमास्तर लगबगीनं पुढे झाले.

"अहो बाई, चादर कशाला?"

"काका, काचेवर दिवे चमकतात. खेळाडूला त्रास होतो."

आठ वर्षं कुणाला न झालेला त्रास नेमका आजच कसा व्हायला लागला? पण विचारणार कोणत्या तोंडानं! चोराच्या मनात चांदणं.

मास्तरांची लेक सव्वीस वर्षांची. जन्मापासून हातपाय तिचं ऐकत नाहीत आणि एकेक शब्द बोलायला तिला दम लागतो. खेळते मात्र बोचिया. पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपला चेंडू न्यायचा, एवढाच खेळ. तिला फेकता येत नाही, म्हणून तिचा चेंडू एका छोट्या घसरगुंडीवर ठेवतात आणि कपाळाला बांधलेल्या दांडीनं ती तो ढकलते. घसरगुंडी वळवायला मदतनीस लागतो. तो म्हणजे बाप. त्यानं मैदानाकडे पाठ आणि लेकीकडे तोंड करून बसायचं. मागे बघायचं नाही, बोलायचं नाही, ती डोळ्यांनी खुणावेल तेवढंच वळवायचं. नियम म्हणजे नियम.

पण लेकीच्या खांद्यावरून कपाटाच्या काचेत मास्तरांना सगळं मैदान दिसायचं. तिचा नेम चुकतोय असं वाटलं की गुडघ्यानं घसरगुंडी हळूच दोन बोटं सरकवायची. नुसत्या नजरेनं गिऱ्हाइकाचं माप सांगणारा माणूस, त्याला हे काय अवघड? पाप लागलं तर लागो, पोरीचं भलं झालं म्हणजे झालं.

आणि आज तर तिचं भलं व्हायलाच हवं होतं. जिंकेल तिला निवासी क्रीडाकेंद्रात जागा मिळणार होती. वर्षाला एकच जागा. स्वतःची खोली, रोजचा सराव आणि रात्रंदिवस हाताशी माणसं, हवी तितकी वर्षं. तिची आई जाऊन चार वर्षं झाली होती. मास्तरांच्या फुप्फुसांबद्दल डॉक्टरांनी गेल्या महिन्यात जे सांगितलं, ते त्यांनी लेकीपासून लपवलं होतं. पुढच्या वर्षी घसरगुंडी धरायला ते नसणार होते, आणि तिला घास भरवायलाही. उसवलेलं शिवता येतं. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावणार?

तीन वर्षं ती शेवटच्या सामन्यात हरत आली होती. गेल्या वर्षी तर अवघ्या दोन बोटांनी. आपण आणखी थोडं सरकवायला हवं होतं, ही चुटपुट मास्तरांना वर्षभर लागून राहिली होती.

शिट्टी झाली. मास्तरांना समोर दिसत होती ती फक्त निळी चादर. पाठीमागे चेंडू घरंगळत होते, एकमेकांवर आपटत होते, कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. कुणासाठी, देव जाणे. सकाळी लेक बाईंना काहीतरी सांगत होती, एकेका शब्दाला धापा टाकत. पाणी हवं असेल म्हणून मास्तर बाटली घेऊन धावले, तर पोरीनं तोंड फिरवलं. तीही घाबरली असणार. बिचारी.

"बरोबरी! शेवटचा चेंडू!" पंच ओरडले.

लेकीनं डोळे डावीकडे नेले. मास्तरांनी घसरगुंडी वळवली. अजून डावीकडे. वळवली. अजून! एवढं? मघाचा आवाज तर दुसऱ्या बाजूनं आला होता. पोरगी चुकतेय. गेलं सगळं, संपलं. त्यांचा गुडघा आपसूक वर उचलला गेला.

आणि बघायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आठ वर्षांत खेळताना एकदाही पाहिला नव्हता तो. कायम खांद्यावरून पलीकडे नजर. त्या चेहऱ्यावर भीती नव्हती, विनवणी नव्हती. महागाच्या कापडाला पहिली कात्री लावताना त्यांचा स्वतःचा चेहरा असाच होत असे. तेव्हा कुणी हाताला धक्का दिलेला त्यांना खपत नसे.

मास्तरांनी गुडघा खाली घेतला.

दांडी टेकली. चेंडू गेला. टक्क असा बारीक आवाज झाला. मग पंचांची फीत सर्रकन उघडल्याचा आवाज. माप घ्यायला एवढा वेळ लागतो का कुणाला!

"निळा!"

निळा म्हणजे लेकीचा. मास्तरांनी वळून पाहिलं. निळा चेंडू पांढऱ्याला खेटून बसला होता. ते तिथंच लहान मुलासारखे रडले.

बाहेर व्हरांड्यात तिची खुर्ची ढकलताना मात्र त्यांना राहवेना. ते तिच्यासमोर उकिडवे बसले.

"पोरी, तुझा बाप लबाड आहे. इतकी वर्षं त्या काचेत बघून मी घसरगुंडी सरकवायचो. आज नेमकी बाईंनी चादर टाकली. मला वाटलं, घात झाला. म्हटलं, आता माझ्याशिवाय तुझं कसं व्हायचं!"

लेकीनं श्वास गोळा केला. एक शब्द, मग दम, मग पुढचा शब्द.

"बाबा... चादर... मीच... टाकायला... सांगितली."