समोर कोणीतरी आहे

नोंद स्पष्ट होती. दुपारी बारा दहा ते साडेबारा, समोर माणूस हजर. मिनिटाला बावीस श्वास.

आणि त्या वेळी ती ऑफिसात होती, बैठकीत, दहा जणांच्या देखत.

तिने मागचे दिवस उलगडून पाहिले. दोन आठवडे रोज तेच. शनिवार-रविवार तेवढे कोरे.

तिचं कामच ते होतं. कॉम्प्युटरसमोर माणूस बसलाय की उठून गेलाय, हे छातीच्या हालचालीवरून ओळखणारा सेन्सर तिची कंपनी बनवत होती. माणूस उठला की कॉम्प्युटर आपोआप कुलूपबंद. त्या सेन्सरच्या पोटातला प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, कोणी बदलू नये याची जबाबदारी तिच्यावर होती. तो बदलला तर सेन्सर रिकाम्या खुर्चीलाही माणूस म्हणेल आणि कॉम्प्युटर चोरासाठी सताड उघडा राहील. चाचणीसाठी एक कॉम्प्युटर तिने घरी, स्वतःच्या खोलीत ठेवला होता. नोंद त्याचीच होती.

"कोणीतरी आत हात घातलाय," तिने विभागप्रमुखांना सांगितलं.

"रखवालदाराच्याच घरी चोरी?" ते म्हणाले, पण हसले नाहीत. "सोमवारी माल बाहेर पडतोय. त्याआधी मला सांग, भोक कुठे आहे."

दोन दिवस तिने डोळ्यांत तेल घालून फर्मवेअर तपासलं. कंपनीची डिजिटल सही शाबूत होती, म्हणजे प्रोग्राम कोणी बदलला नव्हता. तरी तिने सगळं पुसून नवं चढवलं, सही नसलेलं काही सुरूच होणार नाही असा पक्का बंदोबस्त केला. खुर्चीवर कोट अडकवून पाहिला, पंखा सोडून पाहिला, उश्या रचून पाहिल्या. सेन्सर बधला नाही. खुर्ची रिकामी, असंच सांगत राहिला.

तिसऱ्या दिवशी बारा दहाला पुन्हा नोंद झाली. माणूस हजर.

भोक असतं तर तिने बुजवलं असतं. पण सेन्सर खरं बोलत होता. तिच्या खुर्चीत रोज कोणीतरी येऊन बसत होतं.

घरात त्या वेळी दोघंच. सासरे, आणि त्यांना सांभाळणाऱ्या मावशी. सासऱ्यांना पक्षाघात होऊन आठ महिने झाले होते. सुरुवातीला काठी धरून उभे राहायला लागले होते, मग काय झालं कोण जाणे, उलट खालावतच गेले. आता कूस बदलायलाही माणूस लागे. डोळे सदा गुंगीत.

म्हणजे उरल्या मावशी. कमी बोलणाऱ्या, नजर चुकवणाऱ्या.

"मी पहिल्यापासून सांगतोय, त्या बाईचं लक्षण ठीक नाही," नवरा म्हणाला. "आजच्या आज काढून टाकू तिला. मी घरून काम करीन. बाबांचं मी बघतो."

त्याच्या तोंडी ते शोभत होतं. संध्याकाळी आला की गोळ्यांपासून जेवणापर्यंत बाबांचं सगळं तो स्वतःच्या हाताने करायचा, दुसऱ्या कोणाला जवळ फिरकू द्यायचा नाही. नातेवाईक म्हणायचे, पोटी मुलगा यावा तर असा.

"उद्याचा दिवस थांब," ती म्हणाली. "मला पुरावा हवाय."

दुसऱ्या दिवशी ती बाराला ऑफिसातून निघाली. जिन्यात उभं राहून फोनवर नोंद उघडली. रिकामी. बारा वाजून नऊ मिनिटं. रिकामी. मग अक्षरं बदलली. माणूस हजर. श्वास चोवीस.

तिने आवाज न करता कुलूप उघडलं, पण दार ढकललं नाही. तिने नवऱ्याला फोन लावला.

"आत आहे कोणीतरी," ती कुजबुजली. "आत्ता, या क्षणी."

"तू आत जाऊ नकोस. जवळच आहे मी, पाच मिनिटांत पोचतो."

पण बाबा आत होते, अंथरुणाला खिळलेले. तिला राहवेना. तिने दार हळूच ढकललं.

बैठकीची खोली शांत. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. बाबांच्या खोलीत तिने डोकावलं. पलंग रिकामा होता. पांघरूण जमिनीवर लोळत होतं.

फोनवर आकडा वाढला. श्वास तीस.

तिने कोपऱ्यातली काठी उचलली आणि आपल्या खोलीचं दार लोटलं.

खुर्चीत बाबा बसले होते. ताठ. घामाने निथळलेले. गुंगीचा मागमूस नसलेले डोळे तिच्यावर रोखलेले. शेजारी मावशी, त्यांच्या दंडाला धरून, पांढऱ्याफटक.

काठी तिच्या हातातून गळून पडली.

"बाबा, तुम्ही चालत आलात?"

"अकरा पावलं, ताई," मावशी पुटपुटल्या. "पलंगापासून इथवर. मग इथे दम खातात आणि परत जातात. रोज."

ती रडायलाच लागली, मग हसली, मग पुन्हा रडली. गुडघ्यांवर बसून तिने त्यांचे हात हातात घेतले. कुठला चोर आणि कुठलं काय! मावशींवर संशय घेतला म्हणून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावशी, एवढी मोठी गोष्ट, आणि आम्हाला सांगितली नाहीत?"

मावशींनी दाराकडे पाहिलं.

"बरं, असू दे. आता बघाच, किती आनंद होईल त्याला," ती डोळे पुसत म्हणाली. "येतोच आहे तो. खाली पोचलासुद्धा असेल."

बाबांची बोटं तिच्या मनगटावर आवळली गेली. शब्द जड, अडखळत, पण एकेक स्वच्छ आला.

"पोरी, मला पलंगावर ने. लवकर. मी उभा राहिलो, की तो गुंगीच्या गोळ्या वाढवतो."