पांढरा गोळा

साईनं आधी आईचा हात पिरगळून उपटला, मग बुक्की मारून तिचं तोंड चपटं केलं.

आई मैद्याची होती. नाशिकच्या सिडकोतल्या बालवाडीत त्या दिवशी 'माझं घर' हा विषय होता. खेळायचा गोळा घरूनच मळून आणा, असं प्रतिभाबाईंनी सांगितलं होतं. मैदा, मीठ, तेल आणि रंगासाठी भरपूर हळद.

बाईंनी निरोप धाडला, तेव्हा नेहमीसारखी साईची आई आली नाही. वडील आले, सातपूरच्या कारखान्यातून थेट, स्कूटरवर. टेबलावरची मोडकी आई बघून ते हसले.

"टीव्हीवरची कुस्ती बघतो हो सारखा. आजच केबल काढून टाकतो."

इतका जागरूक पालक बाईंनी वर्षभरात पाहिला नव्हता. त्यांचं समाधान झालं. मग जाता जाता त्यांनी सहज साईला विचारलं, "काय रे, सगळ्यांचे गोळे पिवळे, तुझाच कसा पांढरा? घरात हळद नव्हती का?"

साईनं एकदा बाबांच्या हाताकडे बघितलं.

 

"होती ना, बाई. पण आईच्या गालाला लागली सगळी."